टपालपेटीजवळच्या झाडाला कोणी नख लावू नये

मी, खाली सही करणारा, वय एकवीस, शिक्षण अर्धवट, डोकं गरम पण ठिकाणावर, उद्या सकाळी भूल देईपर्यंत पूर्ण शुद्धीत असून, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ताईचा आहे, पण तो उलट्या बाजूने. "अरे, पाय मोडलाय तुझा, पाय! मृत्युपत्र कसलं करतोस?" डॉक्टरही म्हणतात, हाडात सळई घालायची, किरकोळ काम आहे. त्यांच्या हाडात घालायची नाहीये.

पाय कसा मोडला हे वारसांना ठाऊक असावं. रस्त्यावरच्या झाडांची निगा राखायला आमच्या भागात दर रविवारी स्वयंसेवक तयार केले जातात. शिकवते ती. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण ते लिहिताना अक्षर बिघडतं आणि शेजारच्या खाटेवरचे काका, जे कोर्टात कारकून होते, ते म्हणतात की अक्षर बदललं की पुढे वाद होतात. म्हणून यापुढे तिचा उल्लेख 'प्रशिक्षिका' असा करावा.

प्रशिक्षिकेचा पहिला नियम: स्वयंसेवकाचे दोन्ही पाय जमिनीवर. वरच्या फांद्यांचं काम पालिकेची माणसं करतील. पण एका क्लासवाल्याने झाडाला खिळे ठोकून 'यशाची हमी' अशी पाटी लावली, आणि मला राहवलं नाही. पाटी खाली आली. पाठोपाठ मीही आलो. ती धावत आली, तिने आधी खोड तपासलं, मग मला.

"पहिला नियम काय?"

"पाय जमिनीवर."

"मग आजपासून तू तुकडीत नाहीस, काडेपेटी."

(मला सगळे काडेपेटी म्हणतात. का, हे वरून कळावं.)

स्थावर मालमत्ता नाही. जंगमाची वाटणी अशी:

माझी छाटणीची कात्री आणि घडीची करवत प्रशिक्षिकेला द्यावी. दोन्ही प्रत्येक वापरानंतर पुसून ठेवल्या आहेत, हे माझी खोली पाहणाऱ्या कोणालाही पटणार नाही.

कॉलेजची पुस्तकं बाबांना. जवळजवळ कोरी आहेत. बाबा, कॉलेज मी अभ्यासाला घाबरून सोडलं असं तुम्ही आत्याला सांगता, ते दुरुस्त करावं. पार्किंगसाठी आवारातलं मोठं झाड पाडलं, तेव्हा त्याचा ओंडका प्राचार्यांच्या खुर्चीत नेऊन बसवला तो मीच. माफी माग म्हणाले. मी म्हटलं, आधी त्यांनी ओंडक्याची मागावी. यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. फक्त खुर्ची मोडली त्याचं वाईट वाटतं, लाकूड चांगलं होतं.

झारी आमच्या तुकडीतल्या शिंपीकाकांना, एका अटीवर. पालापाचोळा आळ्यात पसरायचा असतो, खोडाला गळपट्टा गुंडाळल्यासारखा रचायचा नसतो. "थंडी वाजेल रे त्याला," हे कारण चालणार नाही. ओल धरून साल कुजते. अट मोडल्यास झारी ताईकडे जाईल, आणि ताई झाडांना पाणी घालायला विसरते, हे शिंपीकाकांनी ध्यानात घ्यावं.

आता मुख्य कलम. टपालपेटीजवळचं कोवळं झाड.

पानं गळलेलं झाड जिवंत आहे का, हे बघायला डहाळीची साल नखाने किंचित खरवडतात. आत हिरवं दिसलं की जीव आहे. प्रशिक्षिकेने हे पहिल्या तुकडीला त्या झाडावर दाखवलं, कारण तिथे शेजारच्या दुकानाच्या सावलीत उभं राहता येतं. मग दुसऱ्या तुकडीने त्याच झाडावर करून पाहिलं. तिसरीनेही. पुढे येणारा-जाणारा प्रत्येक स्वयंसेवक काळजीपोटी एक नख लावून जाऊ लागला. "आहे हो, हिरवं आहे!" म्हणून खूश व्हायचा आणि दुकानात जायचा. जिवंत आहे का ते बघता बघता आम्ही त्याला सोलून काढलं. आता त्यावर एकही पान नाही. तरी माझी सक्त सूचना आहे की त्याला कोणी नख लावू नये. पाणी घालावं आणि गप्प बसावं.

हे मला प्रशिक्षिकेनेच शिकवलं. मी तिला दर रविवारी विचारत असे, "माझ्याबद्दल काही वाटतं का तुला?" शेवटच्या वेळी ती हातमोजे काढत म्हणाली, "तूही तेच करतोयस. किती खरवडशील?" तेव्हा मला राग आला होता. मग पाटी दिसली आणि तो राग मी पाटीवर काढला.

साक्षीदारांबाबत खुलासा. इथपर्यंत लिहून झालं तेव्हा भेटीच्या वेळेत ती आली. काकांनी उत्साहाने पेन पुढे केलं, "ये बाई, एक साक्षीदार कमी पडतोय." तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं. शिंपीकाकांच्या गळपट्ट्याला हसली. मुख्य कलमाशी बराच वेळ थांबली. मग काकांना विचारलं, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का?"

"छे छे. सही केलीस की तुझ्या वाट्याचं गेलं. साक्षीदार वेगळा, वारस वेगळा."

तिने पेनाला टोपण लावलं. "मग मी नाही करत."

मी भडकलो. "एक सही करायलाही जड जातं का गं तुला?"

"काडेपेटी," काका छताकडे बघत म्हणाले, "गप्प पड जरा."

दारातून ती वळली. "पाय जमिनीला टेकला की रविवारी ये. पहिल्या नियमापासून शिकायचंय."

म्हणजे काय, हे विचारायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, मान्य करून त्यावर सही केली आहे. ते लगेच अमलात यावं अशी माझी आता मुळीच इच्छा नाही.

ठिकाण: हाडांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनची आदली संध्याकाळ

सही: काडेपेटी

साक्षीदार: शेजारच्या खाटेवरचे काका (अक्षर सुवाच्य)
साक्षीदार: ड्यूटीवरच्या सिस्टर ("लवकर आटपा, झोपायचंय ना?")
प्रशिक्षिका: सही केली नाही.