मुकादमाचा दोष नव्हता

मी, ताडपत्र्या शिवणारी, तीन लेकरांची आई, त्यांपैकी दोन हयात, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने किंवा भिडेखातर नव्हे, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवते. अक्षर वाकडं आलंय ते औषधामुळे. डोकं ठिकाणावर आहे.

एक. राहतं घर, पुढची खोली, मागची खोली आणि जिन्याखालची जागा, मुलगी आणि धाकटा मुलगा यांना निम्मं-निम्मं. जिन्याखालच्या जागेवरून भांडू नये. तिथे भंगाराशिवाय काही नाही.

दोन. शिलाईचं मोठं मशीन, जाड सुया आणि तळहाताची चामडी पट्टी मुकादमाच्या बायकोला. ती माझ्याकडे काम शिकते. शिवण वाकडी जाते, पण टाका पक्का आहे. मुलगी म्हणाली, "आई, लोक तोंडात शेण घालतील. ज्याच्यामुळे दादा गेला, त्याच्या घरी तुझं मशीन?" म्हणून पुढचं कलम नीट वाचावं.

तीन. थोरला साबणाच्या कारखान्यात, गोदामात कामाला होता. छप्पर कोसळलं आणि तो गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात जेवताना त्याने सांगितलं होतं, "मुकादम मालकांना म्हणाले, वासे कुजलेत, गोदाम बंद ठेवा. मालक म्हणाले, ताडपत्री टाका वरून, भागेल." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. धाकटाही शेजारीच जेवत होता.

पोर ढिगाऱ्याखाली असतानाच मालकाने यंत्र आणून तो सपाट करायला घेतला. छपरावरची ताडपत्री मीच शिवलेली होती. तीच विटांवर पसरून मी बसले. पोर सापडेपर्यंत उठले नाही. मग मुकादमाला अटक झाली. माझी थोरली बहीण धावत आली. "ऐकलं गं देवाने तुझं!" मी म्हटलं, "ताई, हे मी मागितलंच नव्हतं. हे मालकाने मागितलं होतं."

ती ताडपत्री कोर्टात जमा करावी. धुऊ नये.

चार. माझं बायबल ताईला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला एकविसावा अध्याय तिने शेवटपर्यंत वाचावा. तिचा मध्येच डोळा लागतो. शौल राजाने गिबोनी लोकांना मारलं होतं. त्यांचा आक्रोश देव विसरला नाही. पुढे दुष्काळात दावीद राजाने कारण विचारलं तेव्हा देवाने गुन्हेगाराचं नाव घेतलं. शौल तर मेला होता. मग गिबोन्यांनी त्याच्या वंशातले सात जण फासावर मागितले. देवाने मागितले नव्हते, दावीदाने दिले. त्यांत शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे दोन मुलगे होते. ती खडकावर गोणपाट अंथरून बसली आणि मुलांच्या देहांवरून दिवसा पाखरं, रात्री जनावरं हाकलत राहिली. दावीदाच्या कानावर गेलं. त्याने सगळ्यांची हाडं गोळा करून पुरली. देवाने देशाची विनवणी ऐकली असं लिहिलंय ते त्यानंतर, फाशीनंतर नाही. हातात सापडेल त्याला लटकवणं म्हणजे देवाचं उत्तर नव्हे, एवढं मला त्यातून कळलं. बाकी पुष्कळ कळलेलं नाही. ते मी देवालाच विचारीन.

पाच. मालकाने कागद धाडला आहे. त्यात लिहिलंय, दोष मुकादमाचा, मालकावर तक्रार नाही. आमच्या सह्या झाल्या तर धाकट्याला भावाच्या जागी कायमची नोकरी. धाकटा म्हणाला, "आई, दादा परत येणार आहे का? माझी पोरं जिवंत आहेत." खरं बोलला. मी सुईत दोरा ओवत बसले.

वकीलबाई म्हणतात, एकट्या आईचा शब्द तोकडा पडेल, दुसरा ऐकणारा बोलला तर मुकादम सुटेल. त्यांनी सुचवलं, जो त्या कागदावर सही करील त्याचा घरातला हिस्सा रद्द, असं लिहा. मी लिहिणार नाही. लेकराला बेघर करून मिळालेला न्याय मला नको. त्याने काय करायचं ते त्याने ठरवावं.

साक्षीदारांबाबत. वरचा मजकूर वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. शेजारचे चष्मेवाले सहीला बसले होते. दारात उभा असलेला धाकटा पुढे आला. "दुसरा साक्षीदार मी. पेन द्या."

"अहो, थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमचा हिस्सा जाईल. हवा तर वेगळा जबाब द्या उद्या."

"उद्यापर्यंत हिंमत टिकेल का, माहीत नाही."

मुलगी म्हणाली, "शहाणाच आहेस! राहणार कुठे? माझ्याच डोक्यावर ना?"

"तुझ्याच."

"मग राहा. पण घोरलास तर ओट्यावर झोपवीन."

त्यामुळे पहिल्या कलमातला त्याचा हिस्सा मुलीकडे जातो. हे सगळं मी वाचून घेतलं, पटलं, आणि सही करते.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. सात तारीख, मंगळवार, दुपार.

सही: ताडपत्र्या शिवणारी.

साक्षीदार एक: शेजारी, चष्मे बनवणारा. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दोन: धाकटा मुलगा. आईने माझ्यासमोर सही केली. त्या जेवणाला मीही होतो. दादा जे बोलला ते मीही ऐकलं.