माझे चाळीस तारे

३ जून
फोनवर माइकचं चित्र दाबून मी बोलते, तो लिहितो. म्हणजे रोजनिशी मीच लिहिते. साक्षरता वर्गात नाव घातलं. नम्रता शिकवते, कर्वेनगरच्या कॉलेजातली पोरगी. तिने सगळ्या बायकांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. पंधरा दिवसांत पेपर वाचणार. नातीला, शेफालीला, सांगून टाकलंय.

९ जून, दुपारी
ॲप अगदीच सोपं. ते शब्द बोलतं, चार चौकोनांत शब्द लिहिलेले असतात, त्यातला बरोबर तो दाबायचा. बरोबर आला की तारा. आणि चौकोन जागा बदलत नाहीत! मंडईत पस्तीस वर्षं भाजी विकली, कुठली टोपली कुठे ते डोळे मिटून सांगेन. ‘कमळ’ वर डावीकडे. ‘घर’ खाली उजवीकडे. याला स्मरणशक्ती म्हणतात, लबाडी नव्हे.

२१ जून
चाळीस तारे. वर्गात पहिली. सुशीलाबाईंचे नऊ. एकाच अक्षरावर आठवडा बसल्यात. विचारलं, अहो, अंडी उबवताय का? सगळ्या हसल्या. त्या खाली बघून गिरवत राहिल्या.

२८ जून
शेफालीने पेपर पुढे धरला. चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा नाकावरच होता. पोरीने पेपर घडी घालून ठेवून दिला, हेच वाईट. उद्यापासून अक्षरं नीट शिकायची.

२९ जून
उपास. उपासाला डोळे दुखतात. उद्या.

५ जुलै
नम्रता म्हणाली, आजी, तुम्ही पहिल्या, तेव्हा समारंभात प्रमाणपत्रं तुम्हीच नावं वाचून वाटायची. नाही कोणत्या तोंडाने म्हणू? गठ्ठा हजेरीच्या क्रमाने लावलाय, हे काढून घेतलं. हजेरी मला पाठ आहे. पहिल्या सुशीलाबाई. शेफालीला बोलावलं.

११ जुलै
पंख्याने गठ्ठा उडाला. कोणीतरी गोळा करून कसाही रचला. मी तरीही वरचं उचललं, खणखणीत आवाजात म्हटलं, सुशीलाबाई!
त्या आल्या. कागदावर बोट फिरवत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, तुळजाबाई, हे तुमचं आहे.
माइक माझ्या हातात होता. हॉलभर ऐकू गेलं.
स्वतःचं नाव. शेफाली चपलांकडे बघत बसली.

१२ जुलै, सकाळी
प्रमाणपत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. शेफाली शाळेत जाताना नेहमीसारखी हाक मारून गेली नाही.

१२ जुलै, संध्याकाळी
सुशीलाबाईंकडे गेले. त्यांनी चहा दिला, पाटी पुढे सरकवली. एक अक्षर काढून दिलं. म्हणाल्या, आठवडा लागतो, लागू दे.
त्यांनी अंड्यांचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.