यातला खरा कुठला?

३ ऑगस्ट, सोमवार

बारापैकी नऊ चित्रं परत! नऊ!

ड्रॉइंगचे सर एकेक कागद उचलून उलटा ठेवत गेले, पत्ते पिसावेत तसे. शेवटी म्हणाले, "रेघ चांगली आहे. पण बघून काढलंय असं वाटत नाही." मग काय डोळे मिटून काढली? अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

या सत्राला एकच मोठं काम आहे. हाताने काम करणारं एक माणूस निवडायचं. त्याच्या कामाची बारा चित्रं काढायची, फोटो काढून ते कॉम्प्युटरवर नीट करायचे आणि त्या कामाचं सोशल मीडियावर पेज करून सहा आठवडे चालवायचं. तिन्हींना सारखे मार्क. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीने केकवाला पकडला. दोन हजार फॉलोअर झालेसुद्धा. क्रीमचं फूल काढताना दाखवायचं की झालं! तिला आता सगळे केकवालीच म्हणतात.

मी आत्याला पकडलं. आत्या खोटे डोळे बनवते. माझ्या पेजला एकतीस फॉलोअर आहेत, त्यातले चौदा नातेवाईक.

५ ऑगस्ट, बुधवार

आत्याची खोली घड्याळजीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाहेर पाटी नाही. लोक विचारत विचारत येतात, आणि तेही हळू आवाजात. उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल, त्यावर शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती. तिच्यावर आत्या बुबुळ रंगवते. ब्रशला केस असतील जेमतेम पाच. डोळा काचेचा नसतोच, पक्क्या प्लास्टिकचा असतो. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू सोडवून एकेक चिकटवते, की झाल्या शिरा. सबंध दिवसात अर्धा डोळा होतो.

माझी चित्रं बघून म्हणाली, "पेन्सिले, हे बुबुळ आहे का सायकलचं चाक?"

"तपकिरी रंग दिलाय की."

"तपकिरी हा काय रंग झाला? चहा तपकिरी, खारीक तपकिरी, माझी चप्पल तपकिरी. कुठला?"

मला काय ठाऊक कुठला! दिवसभर तिच्या कोपराशी बसले आणि एक चाक घेऊन घरी आले.

८ ऑगस्ट, शनिवार

पेजवर कालच्या फोटोखाली तीन प्रतिक्रिया. दोन "ईईई". तिसरी मावशीची — "छान! जेवलीस का?"

१२ ऑगस्ट, बुधवार

सोशल मीडियाच्या मॅडमनी सगळ्यांचे आकडे भिंतीवर पडद्यावर लावले. मी शेवटून पहिली. "माणूस कुठाय तुझ्या पेजवर?" म्हणाल्या. "सुटे डोळे बघून कोण थांबेल? चेहरा दाखव. गोष्ट दाखव."

आता आत्याची पहिल्या दिवसापासूनची एकच अट — गिऱ्हाइकाचा चेहरा नाही. "लोक माझ्याकडे येतात ते कुणाला कळू नये म्हणूनच ना? मग?" बरोबर आहे तिचं. पण मार्क तिला मिळवायचे नाहीयेत!

विचारून बघितलं परत. नाही म्हणजे नाही. वर हातात पॉलिशचं फडकं दिलं आणि जुने डोळे चमकवत बसवलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

आज एक बाई आल्या. बँकेत कॅशियर आहेत. अकराव्या वर्षी बॅडमिंटनचं फूल लागून डावा डोळा गेला, तेव्हापासून दर सहा-सात वर्षांनी नवा बसवतात. मला तर त्या खुर्चीत बसेपर्यंत कळलंच नाही कुठला ते!

आत्याच्या फोनचा कॅमेरा धुरकट झालाय. म्हणून रंग जुळवायला माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचं ठरलं. आत्याने आधी त्यांना विचारलं. त्या माझ्याकडे वळल्या. "रंगापुरताच ना? काढ मग."

मी दिवा धरला, फोटो काढले. त्या गप्पा मारायला लागल्या. "काचेमागे बसते मी. दिवसाला दोनशे माणसं माझ्याकडे बघतात. एकालाही माहीत नाही. लेकीलासुद्धा नाही. आठ वर्षांची आहे. धुवायचा असला की बाथरूमचं दार लावून धुते."

"सांगायचं ना ताई," मी म्हटलं. अगोचरपणा!

"सांगेन. जरा मोठी झाली की." आणि हसल्या. हसताना दोन्ही डोळे अगदी सारखे बारीक होतात.

१७ ऑगस्ट, सोमवार

नवा डोळा बसला. मी परत फोटो काढले, रंग जुळला का ते बघायला. आत्या दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत होती. मग फक्त "हं" म्हणाली. आत्याचं "हं" म्हणजे आमच्या सरांचे दहापैकी दहा.

दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये तोच फोटो उघडून बसले. कपाळ कापलं, नाक कापलं, गाल कापले. फक्त डोळ्यांची पट्टी उरली. चेहरा नाहीच ना मग? अट पाळलीच की!

खाली लिहिलं — यातला खरा कुठला?

टाकला.

१८ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपर्यंत सहा हजार जणांनी बघितला. दुपारी बावीस हजार. भांडताहेत लोक! "उजवा खोटा, पैज लाव." "दोन्ही खरे आहेत, फसवताय." केकवाली स्वतः उठून माझ्या बाकाशी आली. मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात पोस्ट." सरसुद्धा थांबून बघून गेले.

पहिल्यांदा कॉलेजात बरं वाटलं.

आत्याला सांगितलं नाही अजून. उद्या आकड्यासकटच सांगते.

१९ ऑगस्ट, बुधवार

साडेदहाला एक प्रतिक्रिया आली — "अरे, या तर आमच्या बँकेतल्या मॅडम! भुवईखालचा तीळ बघा. चार वर्षं रोज बघतोय, कधी कळलंच नाही. कमाल आहे!" खाली बँकेच्या शाखेचं नाव. त्याखाली त्यांचं नाव. त्याखाली "खरंच की!" "कुठला पण?" "उद्या जाऊन बघतो." नऊ-दहा जण.

तीळ! मी दोन तास तो फोटो साफ करत बसले होते. तीळ ठेवला. छान दिसत होता म्हणून.

पोस्ट काढून टाकली. तोवर दुसऱ्या सात पेजांवर गेली होती.

२० ऑगस्ट, गुरुवार

आत्याकडे गेले. जिन्यातच मला कळलं, तिला कळलंय ते. एरवी खालपर्यंत ऐकू येणारं पॉलिशचं मशीन बंद होतं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीकडे बोट दाखवलं, मी बसले. म्हणाली, "काल संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. शेजारणीच्या फोनवर त्यांच्या लेकीने बघितलं. घरी आली, आईसमोर उभी राहिली आणि विचारलं, आई, यातला खरा कुठला?"

माझंच वाक्य. जसंच्या तसं.

"आत्या, चेहरा नव्हता गं त्यात —"

"तुझे कागद उचल," आत्या म्हणाली. "रंग इथेच राहू देत, ते माझे आहेत."

मी कागद उचलले. ती खिडकीकडे तोंड करून ब्रश धूत होती. धुतलेलाच ब्रश परत धूत होती.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

बाबांनी आत्याला फोन केला होता. म्हणाले, "ताईने तुझा विषयच काढला नाही. हवेबद्दल बोलली." बाबांच्या मते आत्या हवेबद्दल बोलली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मग मला म्हणाले, "तू मुद्दाम नाही केलंस." केलं बाबा. पोस्ट टाकताना आत्या आठवली होती मला. म्हणूनच पट्टी कापली ना!

२४ ऑगस्ट, सोमवार

मॅडम म्हणतात पोस्ट परत टाक. तीळ पूस हवं तर! "इतका प्रतिसाद परत मिळणार नाही तुला. काढून टाकलेल्या पोस्टचे मार्क मी कशावर देऊ?"

"देऊ नका," म्हटलं.

"आणि हा तोरा कशाला?"

तोरा? मी रडू आवरत होते. त्यांना तो तोरा वाटला. जाऊ दे. पेजच बंद करून टाकलं.

आणि त्या बाईंचे फोटो पुसले. सगळे. कॅमेऱ्यातले, फोनमधले, लॅबच्या कॉम्प्युटरवरचे. लॅबचे सहायक म्हणाले, "एक प्रत राहू दे गं, पुढे लागते." नको! कचऱ्याच्या फोल्डरमधूनही पुसायला लावले त्यांना. मग त्या सात पेजांना एकेक करून लिहिलं, काढा म्हणून. पाच जणांनी काढला. एकाने हसरा चेहरा पाठवला.

२५ ऑगस्ट, मंगळवार

बँकेत गेले. माफी मागायला. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं.

रांगेत माझ्यापुढे अकरा जण. दोघं तरी नुसते बघायला आलेले, मान वाकडी करून काचेतून डोकावत होते. एकाने तर विचारलंच, "मॅडम, कुठला हो?" त्या नोटा मोजत राहिल्या. वर बघितलंच नाही. पूर्वी वर बघून हसायच्या म्हणे गिऱ्हाइकाकडे. मागचे आजोबा सांगत होते.

माझा नंबर आला. मला ओळखलं त्यांनी. लगेच.

"ताई, मी —"

"स्लिप?"

"स्लिप नाहीये. मला फक्त —"

"स्लिप भरून या. पुढचे."

बाजूला झाले. चिठ्ठी हातात तशीच. इतका राग आला! कुणाचा ते कळेना. त्या वाकड्या मानेच्या माणसाचा यावा, तर त्याला बोलावलं कुणी? मीच.

३१ ऑगस्ट, सोमवार

नऊ चित्रं नव्याने काढली. बँकेतली तीच रांग, आठवून. वाकड्या मानांची माणसं. काचेवर टेकलेले हात. त्या बाई कुठेच नाहीत त्यात. सरांनी कागद उलटे ठेवले नाहीत.

मला आनंद होईल असं वाटलं होतं.

७ सप्टेंबर, सोमवार

निकाल. ड्रॉइंगमध्ये पास. फोटोंच्या कामात काठावर. सोशल मीडियात शून्य. केकवाली पहिली. पुढच्या वर्षी मॅडमचा विषय परत.

आत्याला फोन केला. उचलला. म्हणाली, "हवा दमट आहे. रंग वाळत नाहीयेत."

१६ सप्टेंबर, बुधवार

आत्याचा फोन! आपणहून. "कॅशियरबाईंना तुझा नंबर दिलाय," म्हणाली आणि ठेवलाच.

तासाभराने त्यांचा मेसेज — "लेकीने माझ्याशी धरलेला महिनाभराचा अबोला काल सोडला. म्हणते, शेजारच्या काकूंसमोर माझं उत्तर चुकलं, मला डावाच खरा वाटला होता. आता आईचा खोटा डोळा अख्ख्या वर्गाला ओळखायला लावणार आहे म्हणे. तो फोटो मागतेय. आहे का तुझ्याकडे?"

कुठून असणार! कचऱ्यातूनसुद्धा पुसलाय मी तो.

लिहिलं — "नाहीये, ताई. पुन्हा काढू का?" खोडलं. परत लिहिलं. तीनदा खोडून मग पाठवलं.

बघितलाय त्यांनी. उत्तर नाही अजून.