पावसाळ्यातला मसाला

आई, नुकतं उजाडलं होतं. मी दारात सडा टाकून आत आले, तर तू चुलीवर तवा ठेवून त्यावर लाल मिरच्या टाकल्या होत्यास. "दार सताड उघडं टाक," म्हणालीस. मिरच्या काळपट व्हायला लागल्या, धूर दारातून बाहेर गेला आणि शेजारची काकू खोकत खोकत उंबऱ्याशी आली. "काय गं, सकाळच्या पारी मिरच्या? आख्खी आळी खोकाय लागलीया की." तू म्हणालीस, "चटणी संपल्या. ह्येंच्या भाकरीवर काय घालू, माझं डोस्कं?" काकू हसली. मग तुझ्याकडं बघून म्हणाली, "डोळं किती लाल झाल्यात बघ तुझं." तू पदर तोंडावर धरून, मान जरा बाजूला करून, नाकातल्या नाकात हसलीस. "मिरची कुणाला सोडती व्हय?"

काकू गेली. तू मोरीत गेलीस आणि नारळाच्या शेंडीनं मान घासायला लागलीस. तुझ्या मानेवर चार गुलाबी बोटं उठली होती. माझ्या बापाचं, आप्पांचं, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-नारळाचं दुकान, त्यांचे हात बारा महिने गुलाबी. घासून घासून गुलाल निघाला, खालचा निळा रंग तसाच राहिला. तू पदर ओढून घेतलास आणि पाट्यावर मिरच्या वाटायला बसलीस. बाहेर आप्पा दुकानाची फळी उघडत होते. "या की पावणं, चपला हितं ठेवा, पाणी घ्या." आवाज असा गोड की यात्रेला आलेली माणसं दुसरं दुकान सोडून आमच्याकडं यायची. यात्रेच्या दिवसांत तर तुला मान घासावीही लागायची नाही. डोंगरावर सगळेच गुलाबी असतात, त्यात कुणाची बोटं कुठं उठली आहेत हे कोण बघणार.

मिरच्या भाजायला महिना-ऋतू काही लागायचा नाही तुला. बाकीच्या बायका चैत्र-वैशाखात मिरच्या वाळवून, कुटून वर्षाचा मसाला बरणीत भरून मोकळ्या व्हायच्या. तू भर पावसातसुद्धा तवा ठेवायचीस. सादळलेल्या मिरच्या भाजत नाहीत, नुसत्या धुमसतात. धुराशीच तर तुझं काम होतं. मी चौथीत असताना तू देवळाच्या पायऱ्यांवरून घसरून पडलीस आणि गेलीस असं सगळ्यांनी ठरवलं. तुझ्या हातात पाण्याची घागर होती म्हणाले. घागर घरात मोरीत उपडी होती, ती मी बघितली होती. पण चौथीतल्या पोरीला कोण विचारतं.

त्यानंतर माझी शाळा सुटली. वाचायचं मात्र मी सोडलं नाही. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, ती आधी मी वाचायची, मग आप्पा त्यात गुलाल बांधायचे. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा ह्यांनी मला वाचनालयात नेलं, वर्गणी भरली आणि बाहेर सायकलपाशी उभे राहिले, मला पुस्तक निवडता यावं म्हणून. रहस्यकथा मला फार आवडायच्या, अजून आवडतात. ह्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, आई. भाजी खारट झाली तर पाणी पिऊन गप्प बसायचे. त्यामुळं मला वाटलं, ते सगळं तुझ्याबरोबर सरणावर गेलं. कागलच्या कारखान्यात कामावर असतानाच हे गेले. लेक तेव्हा कॉलेजला होती. एकदा दोघी मसाला कुटत असताना मी तिला तुझं सांगितलं होतं, धुराचं, काकूला दिलेल्या उत्तराचं. ती मिरचीचे देठ मोडत राहिली होती.

जावई तिनंच निवडला. मोबाइलवर व्हिडिओ करायचा, लोक रस्त्यात थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढायचे. लग्नानंतर व्हिडिओत ती आली. लोक तिला वहिनी म्हणायला लागले. सुरुवातीला तो तिच्या कानाशी फुगा फोडायचा, ती दचकायची, दोघं हसायची. मग झोपेत तोंडावर बर्फाचं पाणी. मग बसता बसता खुर्ची मागं ओढली, ती फरशीवर आपटली, आणि त्या व्हिडिओला आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त लोक आले. त्यानंतर फुगा कुणाला पुरेना. मी फोन केला की ती म्हणायची, "काय न्हाई गं आई, अ‍ॅक्टिंग असती ती." मी रहस्यकथा वाचलेली बाई. पुस्तकातला गुन्हेगार लपतो, पुरावा जाळतो. हा रोज स्वतःच दाखवत होता आणि वर आवडलं तर पुढं पाठवा म्हणत होता. तरी मला कळलं नाही.

कळलं ते आषाढात. पाऊस लागून राहिलेला, दोरीवरचं लुगडं वाळत नव्हतं, आणि मोबाइलवर लेक कांदा-लसूण मसाला करत बसलेली. तव्यावर मिरच्या धुमसत होत्या. डोळे लाल. मान जरा बाजूला करून ओढणी तोंडावर धरली आणि नाकातल्या नाकात हसली. म्हणाली, "मिरची कुणाला सोडती व्हय?" खाली बायकांनी लिहिलं होतं, वहिनी रंग काय आलाय, वहिनी प्रमाण सांगा. मी दुधाखालचा गॅस तसाच बंद केला, छत्री घेतली आणि रिक्षा धरली.

दार जावयानंच उघडलं. फोन स्टँडवर लावलेला होता आणि त्याचं तोंड दाराकडं वळवलेलं. "या की सासूबाई! मंडळी, आज विषयच हार्ड हाय, बघा कोण आलंय!" मला आप्पांची दुकानाची फळी आठवली. लेक स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी होती. कोपरापर्यंत बाह्या, उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या हातानं खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. ती डावरी नाही.

मी म्हणाले, "हाताला काय झालं?"

तो म्हणाला, "आळस झालाय हाताला. सांग की आईला." 

ती म्हणाली, "पडलो गं पायऱ्यांवरनं."

पायऱ्या. त्या इमारतीला लिफ्ट आहे, आणि ती तिसऱ्या मजल्यावरून भाजीसुद्धा दोरीनं वर घेते.

"चल घरी," मी म्हणाले. तिनं त्याच्याकडं बघितलं. तो हसत होता, फोनकडं बघून. फोन त्यानं स्टँडसकट ओट्यावर आणून ठेवला होता. "मंडळी, तुमच्या वहिनीला सर्दी झाल्या. वाफ द्यायची का? पटापट सांगा." पडद्यावर हसरी तोंडं वर वर चालली होती. द्या द्या, लिहीत होते लोक. त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळली, एक पीळ, दोन पीळ, आणि तिचं तोंड तव्यापर्यंत खाली दाबलं. तव्यावर मिरच्या जळत होत्या. ती खोकत होती, आणि आई, ती हसत होती. तुझं हसू. गाल तव्याच्या कडेला लागला, मी तो आवाज ऐकला, भाकरी शेकताना येतो तसा. तरी ती हसतच होती, कारण पडदा चालू होता.

मी खलबत्त्यातला बत्ता उचलला. लोखंडी, माझाच, लग्नात दिलेला. पहिला घाव त्याच्या मनगटावर घातला, त्यानं वेणी सोडली नाही. दुसऱ्या घावाला हाड मोडलं. ओला ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. तो खाली बसला आणि ओरडायला लागला. मी तिसऱ्यांदा हात वर नेला. तिसरा डोक्यात घालायचा होता, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

"आई, लाइव्ह चालू हाय," लेक म्हणाली.

मी थांबले. तिनं आधी गॅस बंद केला, मग फोन. पडद्यावर तोपर्यंत हसऱ्या तोंडांचा पूर आला होता. जगात भारी सासू, असं कुणीतरी लिहिलं होतं. पुढचा भाग कधी, असं बऱ्याच जणांनी.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली. गालावर फोड आला होता. मी म्हणाले, "पावसात मसाला कोण करतं बाई." ती म्हणाली, "मसाला कवा करत्यात हे मला म्हाईत न्हाई व्हय? एवढ्या लोकांनी बघितलं, एकानं इचारलं न्हाई. मला वाटलं, तू इचारशील." मग ती रडली. तिला मिरचीचं कारण द्यावं लागलं नाही.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. प्लॅस्टर घालून झालं होतं, आवाज परत गोड. "सासूबाई, झालं ते झालं. पोलिसांत गेलो तर तुमच्यावरच केस हाय, लाइव्ह बघितलंय सगळ्यांनी, माझा हात मोडलाय. त्यापेक्षा असं करू, तो प्रँक होता म्हणून सांगू. ठरवून केलेला. तुम्ही, मी, ती, तिघं बसून एक भाग काढू. लोक वाट बघाय लागल्यात. तुमचं पण नाव होईल की." मी विचारलं, "आणि लेक?" तो म्हणाला, "ती येईल की घरी. तिला कॅमेऱ्याशिवाय करमत न्हाई."

मी फोन ठेवला. सोपं होतं, आई. एक वाक्य बोलायचं होतं, हसायचं होतं. कोर्ट नाही, कचेरी नाही, या वयात पोलिसांसमोर उभं राहणं नाही. लेकीनं आतून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "तू म्हणत असशील तर जातो मी." तिच्या गालाला मी कोरफडीचा गर लावत होते. तेव्हा तिची ओढणी सरकली आणि मानेवर मला बोटं दिसली. जुनी, पिवळी पडलेली. गुलाल नव्हता एवढंच.

तुला वाचता येत नव्हतं. हे मी कुणाला पाठवत नाही आणि तुला कोण वाचून दाखवणारही नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. तो व्हिडिओ मी परत बघितला. एकदा नाही, पुष्कळदा. लोक हसायला बघतात, मी त्या मोडलेल्या उसाच्या आवाजासाठी बघते. तो आवाज आला की मला झोप लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बत्ता न धुता पिशवीत घातला, लेकीला बरोबर घेतलं, पोलीस ठाण्यात गेले आणि सांगितलं, तो प्रँक नव्हता, मारलं ते मी.