गलाईवाल्याची रशियन

सांगली, ८ जानेवारी २०२४

ती. अंजनामावशीस सा. न. वि. वि.

रशियात गलाईच्या कारखान्यात नोकरी लागली! दिग्विजय सर आम्हा विट्याकडच्या पोरांना वसतिगृहात ठेवून रशियन शिकवतायत. लक्ष राहावं म्हणून मोबाइल त्यांच्याकडं जमा, तेव्हा पत्र. भाषा लय सोपी गं. ‘आहे’ लागतच न्हाई. ‘एता दोम’ म्हणजे ‘हे घर’. ‘मामा दोमा’ म्हणजे ‘आई घरी’. होय, आईला मामा म्हणतात. बाबांनी कोइमतूरला सोनं गाळलं, मी परदेशात गाळणार.

लोभ आहेच, थट्टा कमी कर.

तुझा धैर्यशील

सातारा, १३ जानेवारी

चि. धैर्यशीलास अनेक आशीर्वाद.

आईला मामा म्हणतात, तर बापाला मावशी म्हणत असतील. मला आधी कळव. क्रियापदात काटकसर करणारी माणसं पगारात करणार नाहीत कशावरून?

एक काम कर. तुझा बाप बाराखडीच्या आधी मूस आणि तेजाब ओळखायला शिकला. सोनं, मूस, तेजाब, भट्टी यांना रशियनमध्ये काय म्हणतात ते कळव. शेजारणीपुढं ऐट मारीन म्हणते.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी मावशी

सांगली, २० जानेवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सोन्याचे शब्द तिकडं गेल्यावर शिकवतील, असं सर म्हणाले. सध्या फक्त आज्ञा चालू आहेत. ‘स्तोय’ म्हणजे थांब, ‘व्पेर्योद’ म्हणजे पुढं, ‘लझीस’ म्हणजे आडवा हो. उत्तर एकच: ‘या पोन्यल’, समजलं. आमच्यातल्या नाथाजीनं ‘का’ला काय म्हणतात विचारलं, तर सर हसून म्हणाले, तो शब्द तिकडं कुणी वापरत न्हाई. पासपोर्ट जमा करून घेतला, बुटाचा नंबर आणि रक्तगटही लिहून घेतला. कारखाना काळजीवाला दिसतोय.

माया असू दे.

धैर्यशील

सातारा, २४ जानेवारी

चि. धैर्यशील, आशीर्वाद.

थट्टा संपली. तुझे काका पलटणीतून रजेवर आले की फटाका वाजला तरी अंगणात पालथे पडायचे. भट्टीपुढं आडवं होऊन कुणी सोनं गाळतं का रे? बुटाचा नंबर आणि रक्तगट एका दमात विचारणारं खातं मला ठाऊक आहे. त्यांनीच तुझ्या काकांची नुसती ट्रंक घरी पोचवली.

पासपोर्ट मागून घे आणि मिळेल त्या एसटीनं साताऱ्याला ये. कुणी आडवं आलं तर ‘का’ विचार. खणखणीत मराठीत विचार.

वाट बघतेय.

मावशी

दिल्ली, ३० जानेवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाडीत बसताना हातात पडलं, वाचलं दिल्लीत. लगेच पासपोर्ट मागितला. तो विमानात मिळेल, सर म्हणाले. मग तू सांगितलंस तसं विचारलं, का? सर रागावले न्हाईत. बसल्या जागेवरून हळूच ‘लझीस’ म्हणाले.

आम्ही सगळे फरशीवर पालथे पडलो होतो. मीपण. आधी पडलो, मग ध्यानात आलं. नाथाजी हसला, मग सगळेच हसलो.

बूट मिळालेत, घोट्याच्या वर येतात. आईला एवढंच सांग की लय उबदार हायत.

लोभ असू दे. पुढचा पत्ता सरांनाच ठाऊक.

तुझा धैर्यशील