न पाहिलेल्या कागदावरची सही

नेकनूर, मे महिन्यातला एक रविवार

आबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. डायरी रोज लिहिते, पण तिच्यात तुमच्याशी बोलणं टाळत आले. आज टाळता येत नाही. दुपार आहे, आई आत पडली आहे, आणि परवापासून मी ताट अर्धवट ठेवून उठते आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. कारखान्यांच्या चिमण्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आता पकडता येतो. आमची कंपनी तो दाबून, नळातून समुद्राखालच्या जुन्या तेलसाठ्यात सोडणार आहे. तिथलं सहज निघणारं तेल संपलंय. उरलेलं खडकाला चिकटून बसलंय. हा वायू मिसळला की ते पातळ होऊन वर येतं आणि बराचसा वायू खालीच राहतो. धुरातला वायू गाडायचा आणि त्याच्याच जोरावर आणखी तेल काढून जाळायचं, हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण सध्याचा घोर त्याहून लहान आहे. त्या साठ्यात पूर्वी खणलेल्या, सिमेंटने बुजवलेल्या विहिरी आहेत. एखादं बूच कच्चं असेल तर वायू तिथून वर येईल, आणि वर, समुद्रात उभ्या केलेल्या प्लॅटफॉर्मवर, माणसं असतात. प्रत्येक बुचाच्या चाचणीचा कागद पाहून सही करायची, हे माझं काम. एका विहिरीचा कागद सापडत नाही.

आमचे साहेब फोनवर हसले. “मॅडम, इतकी वर्षं ती विहीर गप्प आहे, आता काय बोलणार? करून टाका सही. कागद मागाहून लावू.”

या वायूचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं, पण तुमची त्याच्याशी ओळख माझ्याआधीची. आडातला गाळ काढायची कामं तुम्ही घ्यायचात, आणि माणूस उतरवण्याआधी पेटता कंदील सोडायचात. विझला तर खाली खराब हवा. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. बंद पडलेला एक आड, भर ऊन, माझ्या हातात कंदिलाचा दोर. उजेडाने डोळे दिपलेत, तळ दिसत नाहीये. सकाळी सोडला तेव्हा जळत होता, म्हणून मी म्हणते, “जळतोय, आबा.”

तुमचा जुना गडी कमरेला दोर बांधत म्हणतो, “कॉलेजच्या मॅडमनं सांगितलंय, आता कशापायी भ्यायचं?” सगळे हसतात. अर्ध्यावर गेल्यावर त्याची मान कलंडते.

त्याला वर ओढून सावलीत निजवलंत. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. मग तुम्ही मला बाजूला घेतलंत. “दिसला न्हाई तर न्हाई दिसला म्हनायचं. त्यात लाज कसली? माझा मानूस मेला आस्ता.” आणि लोकांना मात्र सांगितलंत, कंदील मीच बघितला होता. ते उपकार फेडणं तर सोडाच, त्यावर मी तुमच्याशी कधी बोललेही नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आज तेही कारण नाही. साहेब वाईट नाहीत, विहीर खरंच पक्की असेल, कदाचित मी उगाच घाबरते आहे. असं दिवसातून दहादा स्वतःला सांगते आणि पटत नाही.

हे पत्र वहीतच राहणार. मघापासून असं लिहिते आहे, जणू सही व्हायची आहे. ती मी परवाच केली, आबा. फोन ठेवल्या ठेवल्या. वायू सोडायचा हुकूम उद्या दुपारी निघेल.

उद्या सकाळी, सगळ्यात आधी: साहेबांना आणि प्लॅटफॉर्मच्या प्रमुखांना लेखी कळवणे, त्या विहिरीचा कागद मी पाहिलेला नाही, सही मागे घेते.