रेस केली की बंद पडतं

मांडवी, रत्नागिरी
गुरुवार, १४ मे २०२६

प्रिय भिकाजी,

रविवार, ३ मे, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्याच अंगणात, माझ्याच आंब्याच्या पडलेल्या फांदीवर एक पाय ठेवून, शेजारच्या गोदूबाईच्या देखत तू मला म्हणालास, "दमू, काँव्हेंटवाल्यांनी मशीनला हात लावू नये. पेट्रोलची वाट लावलीस तू." वेळ मी पडवीतल्या घड्याळात पाहिली. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्यावर ही सवय हाडात उतरते. आधी तारीख, मग वेळ, मग दोष. तक्रारदार रडत असला तरी आधी तारीख. त्यानंतर बरोबर चाळीस मिनिटांनी तू चेनसॉ उघडा टाकून, कोकम सरबताचा भरलेला ग्लास तसाच ठेवून खेडच्या गाडीला निघालास. चपला घालता घालता सांगितलंस, की तुझ्या निलेशची नागपूरला बदली झाली आहे आणि एक जूनला मुलगा-सुनेबरोबर तूही कायमचा चालला आहेस. सांगितलंस तेही मला नाही, आंब्याच्या फांदीला. त्या दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी येते. आधी मशीन.

तू गेलास तेव्हा परिस्थिती अशी होती. फांदी फाटकावर आडवी, माझ्या कमरेएवढी जाड. मी पासष्ट वर्षांची, आणि दूध आणायला रोज सकाळी तिच्यावरून चढून पलीकडे उतरणारी. चेनसॉ दोरी ओढली की सुरू होत होता, नुसता पुटपुटत ठेवला तर चालतही होता. पण रेस केली, की घसा धरल्यासारखा आवाज काढून बंद. सहा वेळा तू प्रयत्न केलास आणि सहाही वेळा माझ्याकडे रागानं पाहिलंस. चौतीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसानं दोष शोधायची ही कुठली पद्धत? आमच्याकडे एखाद्यानं लाईन न तपासताच ग्राहकाला दोष दिला असता, तर मी त्याला दिवसभर डिरेक्टऱ्या उचलायला लावल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी पडवीत बसले आणि एका टोकापासून सुरुवात केली. प्रथम पेट्रोल, कारण टाकी मी भरून ठेवली होती आणि माझ्यावर आरोप तोच होता. टाकीतलं सगळं काचेच्या बरणीत ओतून उन्हात धरलं. तळाशी पाणी नाही, कचरा नाही. तरीही पंपावरून नवीन आणलं आणि तू वहीत लिहून दिलेल्या मापानं त्यात टू-टी ऑइल मिसळलं. माप खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं घेतलं, दोनदा. बरणी हलवली, टाकी भरली, दोरी ओढली. पुटपुटलं, रेस केली, बंद. तेव्हा पेट्रोलची वाट मी लावलेली नव्हती, हे सोमवार, ४ मे, सकाळी सव्वानऊला सिद्ध झालं. गोदूबाई साक्षीला आहे. ती कुंपणाच्या गडग्यावरून म्हणाली, "काय गो दमू, मेला तो परत येयाचा नाय, तू कशाला त्याच्या मशीनच्या मागं लागलंस?" मी म्हटलं, मी मशीनच्या मागे नाही, न्यायाच्या मागे आहे. ती म्हणाली, "तेच ता."

मंगळवारी प्लग काढला. काजळ घातल्यासारखा काळा. घासून लखलखीत केला. ठिणगी कशी बघायची ते तू मागे तुझ्या सावित्रीला दाखवत होतास, तेव्हा मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. तुला वाटलं असेल माझं लक्ष नव्हतं. ठिणगी निळी, करकरीत. बुधवारी एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून तारेवर वाळत घातला, माझ्या रुमालांच्या रांगेत. गुरुवारी टाकीचं झाकण किंचित सैल सोडून पाहिलं, हवा कोंडत असेल तर कळावं म्हणून. प्रत्येक वेळी निकाल तोच. शुक्रवारी हार मानून बाजारात नितेशच्या गॅरेजमध्ये मशीन नेलं, रिक्षात मांडीवर घेऊन. त्यानं दोरी एकदा ओढली, कान खाजवला आणि म्हणाला, "काकी, कार्बोरेटर गेला. आणि खरं सांगू काय, आता नवीनच घ्या." मी त्याला म्हटलं, माझ्या ओळखीत सदुसष्ट वर्षांचं एक मॉडेल आहे, तेही अडून बसलंय, त्याच्या जागी काय नवीन घेऊ? बिचारा फार गोंधळला. चहा मात्र पाजला त्यानं.

परत येताना रिक्षात मला आपले ट्रंक कॉल आठवले. तू रॉटरडॅमहून, सिंगापूरहून फोन लावायचास. तुमच्या घरी फोन नव्हता, म्हणून सावित्री आमच्या पडवीत येऊन बसायची, आणि एक्सचेंजमध्ये हेडफोन घालून मी. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून सांगायचं हा नियम. तुझ्या कॉलला मी कधी शिरले नाही, हे आज पहिल्यांदाच सांगते. सात मिनिटं, नऊ मिनिटं, एकदा तर चौदा. आणि त्यात तू बोलायचास काय? "हं." "बरं." "पाऊस आहे का?" सगळं सावित्रीच बोलायची. एकदा लाईन तुटली समजून मी घाबरून चाचणी घेतली. लाईन ठणठणीत होती, नवराच गप्प होता. नंतर सावित्री हसून म्हणाली, "दमू, त्याच्यात भरपूर भरलेलं आहे गो, बाहेर येत नाही एवढंच." ती गेली त्याला जूनमध्ये सात वर्षं होतील. तिची आठवण आली की मला अजून आधी हसूच येतं. तिला ते आवडलं असतं.

तर तिच्या त्या वाक्याशी मी रिक्षात अडकले. एक्सचेंजमध्ये आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, की आवाज जातो आहे की नाही एवढंच बघू नका, येतो आहे का तेही बघा. आणि आपण सगळे, तू, मी, नितेश, आठवडाभर काय बघत होतो? पेट्रोल आत जातं का, हवा आत जाते का, ठिणगी आत पडते का. बाहेर काय येतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. घरी येऊन मशीन सुरू केलं आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर आंब्याचं एक वाळकं पान धरलं. पान जेमतेम थरथरलं. मी मशीन बंद केलं, पूर्ण थंड होऊ दिलं, काँव्हेंटच्या सिस्टरनं पाचवीत बक्षीस दिलेली क्रोशाची सुई आणली आणि सायलेन्सरच्या भोकात घातली. अर्धा इंच आत गेली आणि टक्क.

माती, भिकाजी. आपल्या मांडवीची तांबडी माती, विटेसारखी भाजलेली. कुंभारणीनं आत घर केलं होतं! त्या माशीला दुसरीकडे जागा मिळाली नाही. अख्ख्या पडवीत भोकं काय कमी आहेत? सायलेन्सर उघडून मी ते घर कोरून काढलं. एकाला एक लागून चार खोल्या, आत वाळलेल्या कोळ्यांचे पाय. पोरं केव्हाच भिंती पोखरून उडून गेली होती, आणि त्यांनी पाडलेल्या तेवढ्याच बारीक भोकांतून तुझं मशीन श्वास सोडत होतं. पुटपुटायला तेवढी वाट पुरायची; जोर लावला की कोंडायचं. आता प्रश्न असा, की हे घडलं कुणामुळे? गेल्या वर्षी मे महिन्यात मी तुला सांगत होते, मशीन पेटीत ठेव. तू ऐकलं नाहीस. पडवीच्या खांबाला खिळा ठोकून, सायलेन्सर अंगणाकडे करून तू ते टांगलंस आणि म्हणालास, "इथं डोळ्यांसमोर राहील." राहिलं. वर्षभर मी त्याच्याकडे बघितलं आणि कुंभारणीनंही.

शनिवार, ९ मे, सकाळी आठ. तुझे जुने बूट दोन मोजे घालून, माझ्या बाबांची जाड पँट दोरीनं बांधून, डोळ्यांवर गॉगल लावून मी फांदीसमोर उभी राहिले. दोरी ओढली. रेस केली. काय आवाज तो! गडग्यावरचे कावळे उडाले, गोदूबाई हातात मासळी तशीच घेऊन धावत आली, "अगो बाय माझे, दमू पिसाळली!" पण फांदी लोण्यासारखी कापली जात होती आणि भुसा माझ्या केसांत, कानांत, दातांत. मी मोठमोठ्यानं हसत होते. शाळेच्या पटांगणात हसल्याबद्दल सिस्टरनं उभं केलं होतं, त्यानंतर एवढी हसले नव्हते. नऊ तुकडे केले. फाटक उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, कुणी येणार नव्हतं तरी. मग गोदूबाईला ते मातीचं घर दाखवलं. तिनं ते तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "कुंभारीण घरात आली म्हंजे घरात माणूस वाढतं. तुझ्या आवशीनं पण सांगितला असेल. आता या वयात तुझ्या घरात काय वाढणार गो?" मी तिला म्हटलं, मी काँव्हेंटमध्ये शिकले, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मग ते घर उचलून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. जागा रिकामी होती म्हणून.

आता दुसरी गोष्ट. तुझे बाबा गलबतावर जाताना तंबाखूची चंची मुद्दाम खुंटीवर ठेवून जायचे, हे मला ठाऊक आहे. मागे वस्तू राहिली की माणूस परततो, असं तुझी आई सांगायची. तूही जहाजावर जाताना सावित्रीकडे कधी घड्याळ ठेवलंस, कधी चष्मा. ती गेल्यावर तू खेडला मुलाकडे राहायला गेलास, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत माझ्या पडवीत एकेक वस्तू राहू लागली. आधी पान्यांची पेटी, बाकाखाली. मग बूट. मग ग्रीसचा डबा, मोडकं स्टूल, आणि शेवटी हा चेनसॉ. मला वाटलं, माझ्या घराचं गोदाम करतोय. तसं मी तोंडावर बोललेही, गेल्या मे महिन्यात, हसत हसत. माझी जीभ तुला ठाऊक आहे. त्यानंतर तू वर्षभर आला नाहीस. आणि ३ मे रोजी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, तू वाकलास, बाकाखालून पान्यांची पेटी ओढलीस आणि पिशवीत घालून घेऊन गेलास. माझी खरी तक्रार ही आहे, भिकाजी. पेट्रोलबद्दल तू काहीही बोल. पेटी का नेलीस?

हे पत्र मी का लिहिलं, ते आता सरळ लिहिते, कारण आपल्या दोघांपैकी कुणाच्या तरी तोंडातून ते बाहेर यायला हवं. तुझ्यातही कुंभारणीनं घर केलंय. सगळं आत जातं, ठिणगीही आहे, पण जोर लावायची वेळ आली की तू घसा धरतोस आणि खेडची गाडी पकडतोस. मला मात्र आता सुई कुठे घालायची ते कळलं आहे. नागपूरला समुद्र नाही. माझ्याकडे समुद्र आहे, वरची हवेशीर खोली आहे, फाटक उघडतं, आणि मशीन चालतं, मी चालवते. तू माझ्याकडे राहायला ये. पाहुणा म्हणून नाही. लोक काय म्हणतील ते गोदूबाई आधीच म्हणून बसली आहे आणि तिला आनंद झाला आहे. काल मी तुझ्या सुनेला, वेदिकेला, फोन केला होता. ती म्हणाली, "मावशी, बाबांनी सगळं सामान बांधलं, फक्त पान्यांची पेटी बांधू देत नाहीत. दाराशी ठेवली आहे." म्हणून धीर करून लिहिते आहे. उत्तर लेखी हवं, पोस्टानं, तुझ्या हस्ताक्षरात. फोनवर तू "हं" म्हणशील आणि मी पुन्हा लाईन तपासत बसेन. मुदत सोमवार, २५ मे, संध्याकाळी पाच. उत्तर 'नाही' असेल तर कारणासह पूर्ण वाक्यांत लिही. 'हो' असेल तर लिहिण्यातून सूट आहे, पण एकाच अटीवर. तेवढ्या मुदतीत पेटी बाकाखाली परत आलेली असली पाहिजे, आणि ती तू स्वतः आणलेली असली पाहिजे.

तीन मिनिटं कधीच न मोजलेली,
तुझीच
दमू